गरोदरपणातली शुगर: बाळंतपणानंतर घरच्यांनी काय करायचं

मी आहारतज्ज्ञ आहे. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायका बाळंतपणानंतर येतात तेव्हा सोबत नवरा, आई किंवा सासू असते. हल्ली मी निम्मं बोलणं त्यांच्याशीच करते. काय खायचं, किती खायचं हे त्या बाईला गरोदरपणातच पाठ झालेलं असतं. ते करायला तिचे हात मोकळे नसतात, आणि ते मोकळे करणं घरच्यांच्या हातात आहे.

आधी तपासणी. वार पडली की इन्सुलिनच्या कामात अडथळा आणणारी वारेतली हॉर्मोन्सही जातात, त्यामुळे बहुतेकींची शुगर लगेच उतरते. घरात ‘सुटलो’ असं वाटतं आणि फाइल कपाटात जाते. पण अशा बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो. म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी करायची. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० वा त्याहून जास्त आलं, तर मधुमेहाची शंका. डॉक्टर बहुधा पुन्हा तपासून खात्री करतात. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी या काळात फसवी ठरू शकते, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं.

ही तपासणी चुकते ती बहुतेकदा बाळामुळे. उपाशी पोटी, तान्ह्याला घेऊन लॅबमध्ये दोन तास बसायचं कोणी? तेव्हा तारीख तुम्ही घ्या, सोबत जा, बाळ तुम्ही धरा. मध्ये ती बाळाला पाजू शकते, त्याला हरकत नसते. रिपोर्ट चांगला आला तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासणी, तीही जन्मभर.

जेवणाबद्दल एवढंच: तिच्यासाठी वेगळं शिजवू नका. अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळ-अंडी-मासे यांपैकी काही, पाव ताट धान्य. सगळ्यांनी तेच खा. गोड पेयं घरात आणणं थांबवा. पाजणाऱ्या बाईला मध्यरात्री कडकडून भूक लागते आणि तेव्हा एका हाताने उघडता येतो तो बिस्किटाचा पुडाच. त्याच जागी शेंगदाणे, फुटाणे, सोललेलं फळ आणि पाण्याची बाटली ठेवा. रोज संध्याकाळी भरायचं काम कोणाचं, ते आधी ठरवा. ती पाजत असताना उपास किंवा कडक डाएट नको. अंगावर पाजल्याने तिचा स्वतःचा धोकाही कमी होतो असं दिसलं आहे. पण दूध पुरत नसेल तर त्यावरून तिला बोल लावू नका.

चालणं जेवणानंतर, दहा-पंधरा मिनिटं. स्नायू हलले की रक्तातली साखर ओढून घेतात. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू पोचायचं. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि रक्तस्राव वाढला तर थांबून. नवऱ्यांना मी सांगते, ‘वेळ मिळाला तर बाळ घेतो’ असं म्हणू नका, रात्रीच्या जेवणानंतरचं बाळ तुमचं.

वजनावर घरात शेरे नकोत, कौतुकाचेही नकोत. अमेरिकेतल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या मधुमेह टाळण्याच्या अभ्यासात ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट होतं, ७० किलोच्या बाईला साधारण पाच किलो. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांमध्ये त्याने दहा वर्षांत मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. त्यांच्या बाळंतपणाला अभ्यासाच्या सुरुवातीलाच सरासरी बारा वर्षं उलटून गेली होती. म्हणजे पहिल्या वर्षी जमलं नाही तर गाडी चुकली असं नाही. घाई बहुधा सासरच्यांनाच असते.

झोपेचं मात्र मनावर घ्या. रात्रीची एक पाळी दुसऱ्याने घेतली तर तिला सलग चार-पाच तास मिळतात. उदासी, रडू किंवा धास्ती दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर आहार-व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले, तर त्याच दिवशी.

आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधी शुगर तपासा. तोवर गर्भनिरोधनाचं काय, हे तिच्या डॉक्टरांशी दोघांनी मिळून बोला.