उतारावरचं घर भूकंपात का पिळतं, आणि ते नकाशावरच कसं ओळखायचं

कोकणात सपाट प्लॉट नशिबानेच मिळतो. चिपळूण, संगमेश्वर, देवरुख कुठेही बघा, रस्त्याच्या बाजूला उंच कॉलम, त्यांच्यामध्ये पार्किंग किंवा गाळे, आणि मागे दरडीला लागून आखूड कॉलम. वरचा स्लॅब एका पातळीत असल्यामुळे सगळं सरळ वाटतं. पण ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेत भूकंप झाला तो चिपळूणपासून फार लांब नव्हता, आणि कोयनेच्या आसपासचा पट्टा २०१६ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकातल्या नकाशात झोन ४ मध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात, धरलेला आहे. त्यामुळे असं घर पिळणार का, हा हिशोब खोदाईच्या आधी झालेला बरा.

भूकंपाचा जोर मजल्याच्या वजनाच्या मध्यावर लागतो. त्याला अडवणारे कॉलम आणि भिंती मात्र आपल्या ताठरतेच्या (न वाकता अडवून धरण्याच्या क्षमतेच्या) मध्यावर अडवतात. हे दोन मध्य एकाच जागी असतील तर स्लॅब नुसता सरकतो. लांब असतील तर सरकता सरकता फिरतोही. उतारावरच्या घरात मागची बाजू बिजागरीसारखी धरून ठेवते आणि पुढची बाजू दारासारखी झुलते.

आकडे मांडूनच बघू. घराची खोली (पुढून मागेपर्यंतचं माप) ९ मीटर, रस्त्याला समांतर कॉलमच्या तीन रांगा, दर ४.५ मीटरवर एक. सगळे कॉलम एकाच मापाचे आणि एकाच दिशेने बसवलेले. उंची पुढे ३ मीटर, मधे २.२५, मागे १.५. कॉलमची ताठरता उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे उंची निम्मी झाली की ताठरता आठपट. पुढची रांग १ धरली तर मधली २.३७ आणि मागची ८, बेरीज ११.३७. मागच्या रांगेपासून अंतर मोजा: (२.३७ × ४.५ + १ × ९) ÷ ११.३७ = १.७३ मीटर. हा ताठरतेचा मध्य. वजनाचा मध्य साधारण ४.५ मीटरवर. फरक २.७७ मीटर, म्हणजे खोलीच्या ३० टक्क्यांहून जास्त.

आयएस १८९३ (भाग १) : २०१६ प्रमाणे डिझाइन करताना हा फरक दीडपट करून त्यात जोराच्या दिशेला काटकोनातल्या मापाचे (इथे खोलीचे) ५ टक्के मिळवायचे असतात (उणे ५ टक्क्यांची दुसरी स्थितीही तपासतात). १.५ × २.७७ + ०.०५ × ९ = सुमारे ४.६ मीटर. रस्त्याला समांतर येणारा भूकंपाचा जोर गुणिले ४.६ मीटर, एवढा पीळ घराला सोसायचा आहे. फरक शून्य असता तर हाच आकडा ०.४५ आला असता.

मोडतं काय? मागचे आखूड कॉलम आधी. नुसत्या सरकण्याचाच ७० टक्के जोर त्यांच्यावर येतो आणि ते तिरपे तडकतात. पुढचे कोपऱ्यातले कॉलम सगळ्यात जास्त हलतात, त्यांची डोकी आणि पाय फुटतात. आखूड कॉलमला जास्त सळ्या घातल्या की झालं, हा गैरसमज आहे. त्याला पूर्ण उंचीभर उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या आडव्या रिंगा जवळ जवळ बांधाव्या लागतात. ३०० मिमीच्या कॉलमला रिंगांचं अंतर ७५ मिमीपेक्षा जास्त नको, आणि रिंगेचे हूक १३५ अंशात आत वळवलेले हवेत. ९० अंशाचा हूक कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर) उडालं की उघडतो.

खरा इलाज कॉलमची उंची सारखी करण्याचा. मागची फुटिंग (कॉलमचा पाया) १.५ मीटर आणि मधली ०.७५ मीटर जास्त खाली न्या. माती अडवायला संरक्षक भिंत वेगळी बांधा, कॉलमला न जोडता. मधली फट हात घालून साफ करता येईल एवढी ठेवा, निदान ३०० मिमी, आणि पावसाच्या पाण्याला खालून वाट द्या. घोटाळा इथेच होतो: काम संपताना उरलेले चिऱ्याचे तुकडे आणि डबर याच फटीत जातं. ती भरली की कॉलम पुन्हा आखूड.

दुसरा मार्ग पुढच्या बाजूला आरसीसी भिंत देण्याचा. तो मापात ठेवा. २०० मिमी जाड आणि १.५ मीटर लांब भिंतीचा जडत्व आघूर्ण (आकारामुळे येणारा वाकण्याला विरोध) ३०० × ४५० मिमी कॉलमच्या जवळजवळ पंचवीसपट असतो. एकाच बाजूला अशी भिंत घातली की तोल उलट दिशेला जातो. समोरासमोर जोडीने घालायच्या, शक्यतो बाहेरच्या कडांना.

बाजारपेठेतल्या कोपऱ्याच्या प्लॉटवर दोष तोच, कारण वेगळं: दोन बाजूंना शटर, उरलेल्या दोन बाजूंना चिऱ्याच्या भरीव भिंती. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत अशा कोपऱ्यावरच्या इमारतींचं फार नुकसान झालं. कोपऱ्यातला जिनाही तिरप्या टेक्यासारखा ताठरता ओढून घेतो.

गच्चीवरच्या टाकीची काळजी मात्र लोक उगाच जास्त करतात. १०८ टनांच्या मजल्यावर ५००० लिटरची टाकी मध्यापासून ४ मीटरवर ठेवली तर वजनाचा मध्य १८ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. वरच्या २.७७ मीटरपुढे हे काहीच नाही.

इंजिनिअरकडून रिपोर्ट घेताना दोन गोष्टी मागा. एक, प्रत्येक मजल्याच्या दोन टोकांचं सरकणं. मोठा आकडा लहान आकड्याच्या दीडपटीवर जाऊ नये. दोन, पहिले तीन मोड, म्हणजे इमारतीच्या हलण्याच्या पहिल्या तीन तऱ्हा. पिळाचा मोड तिसरा यावा. तो पहिला आला असेल तर सळ्या वाढवत बसू नका, नकाशा बदला.

किनाऱ्यालगतच्या जुन्या इमारतीत आणखी एक भानगड असते. खाऱ्या वाऱ्याने समुद्राकडचे कॉलम आधी गंजतात, कव्हर सुटतं, आणि मुळात सारखी असलेली इमारत एका बाजूने कमजोर होते. नव्या कामात उघड्या कॉलमना किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर द्या. जुन्या कामात दुरुस्तीसाठी जॅकेटिंग (कॉलमभोवती नवं काँक्रीट चढवणं) करायचं झालं तर फक्त समुद्राकडच्या रांगेचं करू नका. जाड झालेल्या कॉलमची ताठरता धरून वरचा हिशोब पुन्हा मांडा, मगच किती कॉलम घ्यायचे ते ठरवा.