स्वतः बांधलेल्या विमानातला हीटर आणि काचेवरचं दव: या चुका टाळा

पाय गारठले की बहुतेक जण आणखी मोठा हीट मफ (इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपाभोवतीचं आवरण, ज्यात केबिनची हवा तापते) बसवायच्या मागे लागतात. एक्झॉस्टच्या पाइपात उष्णतेचा तुटवडा सहसा नसतोच. चुकते ती हवेची वाट.

केबिनमधली हवा बाहेर जायला जागाच नसेल, तर गरम हवा आत शिरणार कुठून? उलट नको तिथून गार हवा मात्र येते. उड्डाणात कॅनॉपीवर (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर) दाब कमी असतो, त्यामुळे शेपटातली गार हवा सामानाच्या कप्प्यामागच्या फटींतून पुढे ओढली जाते. मानेला लागणारा झोत बहुधा तिथलाच. संशयित फटीपाशी लोकरीचा आखूड धागा चिकटवा आणि उडताना तो कुठे झुकतो ते सहप्रवाशाला बघायला सांगा. पुढे झुकला तर फट बुजवा. पुशरॉड (कंट्रोल हलवणारे दांडे) जातात त्या भोकांना मऊ, लवचीक आवरणं लावा. कंट्रोल जराही अडखळता कामा नये.

हीटर बंद केल्यावर मफमधली हवा कोंडून ठेवणं ही दुसरी चूक. वाहती हवा नसली की आतला पाइप जास्त तापतो आणि कालांतराने तडकतो. हीटर बॉक्सची झडप बंद असताना हवा काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) सोडली जायला हवी. हा बॉक्स फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या आगरोधक भिंतीवर) असेल तर तो स्टीलचाच हवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि इंजिनाच्या आगीत तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. होजचंही तेच: काळा निओप्रीनचा होज साधारण १५० अंशांपर्यंतचा, केशरी सिलिकॉनचा २८८ पर्यंतचा. मफमधून निघणाऱ्या हवेसाठी केशरीच घ्या.

आता कार्बन मोनॉक्साइड. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि ज्या तड्यातून तो केबिनमध्ये येतो तो तडा नेमका मफच्या आवरणाखाली दडलेला असतो. म्हणून पाइपाचा जोड मफच्या आत कधीही ठेवू नका. वार्षिक तपासणीत आवरण काढा, व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडाने एक्झॉस्टमध्ये हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले तिथे गळती. रंग बदलणारं कार्ड तुम्ही बघितलं तरच उपयोगाचं, तेव्हा भोंगा वाजवणारा डिटेक्टर लावा. तो वाजला किंवा डोकं दुखायला लागलं तर हीटर बंद, बाहेरच्या हवेचे झरोके उघडे, आणि लवकरात लवकर जमिनीवर.

‘मग विजेचाच हीटर लावू’ हा विचार गणितात टिकत नाही. १४ व्होल्टवर ६० अँपिअरचा अल्टरनेटर म्हणजे सगळे मिळून ८४० वॅट, आणि त्यावर रेडिओ, दिवे, पंपही चालवायचे. तापणाऱ्या सीट मात्र परवडतात.

काचेवरचं दव हे मुळात आपल्याच श्वासाचं. बर्फाने भिजलेले बूट आणि ओला गालिचा त्यात भर घालतात. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, समोरून वाऱ्याचा जोर नसतो, म्हणून डिफ्रॉस्टच्या (काचेवर गरम हवा सोडणाऱ्या) फटीतून हवा जेमतेम येते. ग्लेअरशील्डखाली (पॅनेलवरच्या छज्जाखाली) कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला की काम भागतं, फक्त तो होकायंत्राजवळ नको. शक्य असेल तर टॅक्सीत कॅनॉपी किंचित उघडी ठेवा, अर्थात तुमच्या विमानाला ती चालत असेल तरच.

ॲक्रिलिकवर मफची कडक हवा थेट सोडली तर बारीक चिरांचं जाळं उठतं. झोत आधी गार हवेत मिसळा आणि लांबट फटीतून पसरवा. हिमाचा थर पट्टीने खरवडू नका, अमोनियाचा काचक्लीनरही नको.

सर्वांत वाईट वेळ उतरतानाची. उंचावर गोठलेली काच खालच्या दमट हवेत शिरते, त्याच वेळी पॉवर कमी केल्याने एक्झॉस्टही गार पडतो, आणि फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे येण्याच्या शेवटच्या टप्प्यात, समोर धुकं. डिफ्रॉस्ट खाली यायला लागण्याआधीच, काच कोरडी असताना पूर्ण उघडा आणि थोडी पॉवर ठेवून उतरा.