माळावरच्या लग्नाचे फोटो काढताना

लग्नाची पत्रिका हातात आली की सगळ्यात आधी मुहूर्त बघा. निपाणी-चिकोडीपासून अथणी-कागवाडपर्यंत उन्हाळ्यात भर दुपारचे मुहूर्त भरपूर असतात. आपल्या बेळगाव भागात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमाराला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर तो अगदी डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच राहते. अशा वेळी १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्ताला नवरा-नवरी उघड्यावर उभी राहिली, तर कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा पडतो आणि डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात. कितीही महागाची लेन्स लावा, हे सुटत नाही. सुटतं ते आदल्या दिवशी, मांडव घालणाऱ्याशी बोलून.

म्हणून आदल्या दिवशी जायचंच, आणि जमलं तर मुहूर्ताच्याच वेळेला. पन्नास-साठ माणसांचं, घरच्या रानातलं लग्न असलं की मांडवही लहानच असतो. त्यामुळं मांडववाल्याला दोन गोष्टी सांगता येतात आणि तो ऐकतोही. पहिली गोष्ट, नवरा-नवरी उभी राहणार तिथं डोक्यावर पांढरं कापड. गुलाबी, हिरवं, जांभळं नको. रंगीत कापडातून झिरपलेलं ऊन तोच रंग चेहऱ्यावर आणतं, आणि मांडव लहान असल्यामुळं बाजूनं स्वच्छ ऊन येतच असतं. मग एकाच गालावर दोन रंग पडतात, आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगाची जुळणी) कुठंही नेला तरी एक बाजू बिघडलेलीच राहते. दुसरी गोष्ट, आंब्याच्या टाळ्यांचा किंवा झावळ्यांचा मांडव असेल तर तो अजिबात हलवायला सांगू नका, तो त्या घराचा मान आहे. पण त्यातून पडणारे कवडसे नवरीच्या तोंडावर नाचतात. तेव्हा, ‘मामा, आतून एवढं एक कापड ताणून बांधून द्या,’ एवढंच म्हणायचं. दहा मिनिटांचं काम असतं आणि आनंदानं होतं.

आता पायाखाली बघा. अथणी-रायबागकडची काळी माती उजेड पिऊन टाकते, खालून चेहऱ्यावर काहीच परत येत नाही. खानापूरकडची तांबडी जमीन उजेड परत देते, पण हनुवटीखाली आणि पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस झाक टाकते. दोन्हीवर उपाय एकच. बैठकीची पांढरी चादर पाटांच्या पुढं, कॅमेऱ्यात न येईल अशी अंथरायची. विकतच्या रिफ्लेक्टरपेक्षा मला ती आवडते, कारण माळावरच्या वाऱ्यात ती धरायला माणूस लागत नाही, कडेला चार दगड ठेवले की झालं.

आकडे थोडक्यात सांगते. उघड्या उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ४ आणि शटर १/१६०० सेकंदापासून सुरुवात करा. पांढऱ्या कापडाखाली आयएसओ २००, एफ ४, १/५०० च्या आसपास. फ्लॅश वापरायचा तर बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅशशी जुळणारा शटरचा वेग, १/२०० किंवा १/२५० ला अडतो, म्हणून त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश जुळवणारा हायस्पीड सिंक लागतो. त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते आणि तो लवकर तापतो, तेव्हा सलग मारू नका. पडद्यावर बघून उजेड ठरवू नका, त्या उन्हात पडदा काहीच खरं सांगत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघा, तोही लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा. हळदीची पिवळी साडी आणि लाल शालू यांचा लाल रंग सगळ्यात आधी फुटतो, आणि मग काठाची नक्षी सपाट होऊन जाते. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढा.

अंतरपाट धरला की खरी मजा सुरू होते. कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं ते पांढरं कापड दोघांच्या तोंडासमोर हातभर अंतरावर असतं, आणि तेच नवरीच्या चेहऱ्यावर हनुवटीपासून कपाळापर्यंत एकसारखा मऊ उजेड टाकतं. दिवसभरात तिच्या तोंडावर इतका सुंदर उजेड परत पडत नाही. अंतरपाटाच्या कडेला, दोघं दोन बाजूंना दिसतील असं उभं राहा. मग थोडं नवरीकडं सरका. खाली गेलेली नजर, हातातला हार, हिरवा चुडा, मागं उभा असलेला मामा, सगळं एका फोटोत येतं. त्याआधी करवलीला सांगून मुंडावळ्या जरा कानाकडं सारून घ्या, नाहीतर त्यांची सावली बरोबर डोळ्यांवर पडते. ‘अक्का, तेवढं जरा करा की,’ म्हटलं की ती करतेच. स्वतः हात लावू नका.

प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी अक्षता पडतात, म्हणजे संधी एकदाच येते असं नाही. पहिल्या दोन कडव्यांत वारा कुठून येतोय ते बघून घ्या. माळावर अक्षता सरळ पडत नाहीत, वाऱ्यानं एका बाजूला जातात. वारा तुमच्या पाठीकडून यायला हवा. जोंधळ्याच्या अक्षता जड असतात, तांदळाच्या तुलनेत वेगानं खाली येतात. दाणे हवेत थांबलेले हवे असतील तर शटर १/१००० च्या खाली नको. व्हिडिओवाल्याशी जागा आधीच ठरवा, तो समोर असेल तर तुम्ही कडेला. अंतरपाट निघाल्यावर बँड, फटाके आणि हार एकदमच होतात, तेव्हा हलायला वेळ नसतो.

घरच्यांनी विचारलं तर मी मोकळेपणानं गोरज मुहूर्त सुचवते. मेमध्ये सूर्य सातला पाच-दहा मिनिटं असताना बुडतो, डिसेंबरात सहा वाजून गेल्या-गेल्या. आधीचा अर्धा तास आडवं, सोनेरी ऊन उसावरून येतं आणि रिफ्लेक्टरची गरजच राहत नाही. पण सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत अंधार होतो, आयएसओ १६०० वर न्यायची तयारी ठेवा. मोठ्यांचे ग्रुप फोटो ऊन असतानाच उरकून घ्या. या भागात निम्मे पाहुणे कन्नड बोलणारे असतात. ‘आत्या, इकडं बघा’ म्हटल्यावर मागच्या रांगेला ‘इल्ली नोड्री’ म्हणायला विसरू नका, नाहीतर अर्धी रांग दुसरीकडंच बघते.

धूळ हा इथला मोठा शत्रू. काळ्या मातीचा फुफाटा गाड्या आल्या की गुडघाभर उडतो. लेन्स उघड्यावर बदलू नका; दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) घ्या, एकीवर २४-७० मिमीची लेन्स, दुसरीवर ७०-२०० ची. दुसरी बॉडी नसेल तर एकच झूम लावून दिवस काढा. कॅमेऱ्यावर पांढरा टॉवेल टाका, काळी बॉडी उन्हात हात लावू देत नाही. गाडीत बॅटऱ्या आणि कार्डं ठेवू नका. मेमध्ये दुपारनंतर ढग जमले तर वळीव येणार असं धरून मोठी प्लास्टिकची पिशवी खिशात ठेवा. पावसाआधी वावटळ येते आणि तीच जास्त नुकसान करते.

घरी आल्यावर आधी कार्डं दोन ठिकाणी उतरवा. मग लेन्स न काढता बाहेरची धूळ मऊ ब्रशनं झाडा, झूमच्या कड्याच्या फटीतलीही. ती गेल्यावरच लेन्स काढा आणि बॉडीचं तोंड खाली धरून ब्लोअर मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंब सेन्सरवर वाळला की धुळीपेक्षा अवघड.