तिबिलिसीला मेडिकलला निघालात? मुंबईतून काय न्यायचं आणि तिथे कसं बस्तान बसवायचं

आमच्या परळच्या बिल्डिंगमधली अजून एक मुलगी यंदा जॉर्जियाला, म्हणजे तिथल्या राजधानीत तिबिलिसीला, मेडिकलला चाललीये, तिची आई रोज काहीतरी विचारायला येते, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. ॲडमिशन, फी, एजंट यातलं काही नाही, फक्त रोजचं जगणं.

जाड जॅकेट आणि बूट मुंबईत घेऊ नका, आपल्याकडे मिळतं ते महाबळेश्वरपुरतं ठीक आहे. थर्मल न्या, बाकी तिथे लिलोच्या बाजारात सीनियरला सोबत घेऊन जा. वाचलेलं वजन मसाल्याला द्या. लालबागहून कुटून आणलेला मसाला डबल पिशवीत पॅक करून, शिवाय मेतकूट, भाजणी, कोकम. कुकर इंडक्शनवर चालेल असाच घ्या. आपला तीन पिनचा प्लग तिथे बसत नाही, ॲडॅप्टर लागतो. औषधांसोबत प्रिस्क्रिप्शन ठेवा, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप तर अजिबात नको, तिथे त्याबाबत फार कडक आहेत.

डाळ-तांदळाने बॅग भरू नका प्लीज. रेल्वे स्टेशनजवळ देझर्टर बाजार आहे, पहिल्याच आठवड्यात जा. कोथिंबिरीच्या जुड्या, अक्रोड, राजम्यासारखे घेवडे, सगळं मिळतं, आणि मसाल्याच्या टेबलवर उत्स्खो सुनेली म्हणून एक पूड असते, ती नाकाजवळ धरलीत की थेट मेथी आठवते, मेथीच्याच जातीतली आहे. बटाट्याच्या भाजीत घालून बघा, मस्त लागते.

आता मुख्य गोष्ट. कॉलेज इंग्लिशमध्ये आहे म्हणून जॉर्जियन शिकायची गरज नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पहिली दोन वर्षं निभावतं, पण वॉर्डमध्ये गेलात की समोरच्या आजींना इंग्लिश येत नसतं आणि आजाराची हिस्ट्री, म्हणजे काय-कधीपासून होतंय ते, तुम्हालाच विचारून घ्यायची असते. तेव्हा जे मागे उभे राहून ट्रान्सलेशनची वाट बघतात त्यांची क्लिनिकलची वर्षं अशीच जातात, मला ते बघून खरंच वाईट वाटतं. ३३ अक्षरं आहेत, रोज चार-पाच गिरवलीत तर दुकानांच्या पाट्या लवकर वाचता येतात. बाजारात ‘रा ग्हिर्स’ म्हणजे कितीला, पेशंटला ‘साद ग्त्किवात’ म्हणजे कुठे दुखतंय. आकडे अवघड नाहीत, आपल्या आज्या विसावर मोजायच्या ना तसंच, चाळीस म्हणजे दोन विसा, नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा. मराठी ग्रुप हवाच, गणपती तिथेही एकत्र करा, पण भाजी घ्यायला एकटे जा, तिथेच जीभ वळते.

एफएमजीईचं, म्हणजे परदेशात मेडिकल करून आलेल्यांना भारतात द्यावी लागणाऱ्या परीक्षेचं, लवकर डोक्यात ठेवा. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, वर्षातून दोनदा. नियमानुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, मग भारतात परत एक वर्ष इंटर्नशिप. रोज थोडे एमसीक्यू पहिल्या वर्षापासून सोडवा, शेवटी सगळं एकदम होत नाही.

आणि थंडी. बर्फाचे फोटो ठीक आहेत, पण फ्लॅट बघताना आधी हीटर बघा. गॅसचा हीटर असेल तर त्याचा धूर बाहेर जायला पाइप आहे का, नीट बसवलाय का, हे मालकाला विचारा आणि स्वतःही बघा. थंडीत खिडक्या गच्च बंद असतात, हीटरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळायच्या आत माणूस झोपेत जातो. डिसेंबर २०२४ मध्ये गुदौरीला, जॉर्जियातल्या बर्फाच्या पर्यटनस्थळी, रेस्टॉरंटमध्ये काम करणारे ११ भारतीय असेच गेले, तिथे आत चालू असलेल्या जनरेटरचा वायू साठला होता. डिटेक्टर घ्या आणि बॅटरी चालू आहे का बघत राहा. रूममधल्या सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं तर थंडी बाधली समजून पांघरूण ओढू नका, हीटर बंद, खिडक्या उघड्या, सगळ्यांनी बाहेर आणि ११२ ला फोन. आईबाबांनो, तिथे आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, रात्री दहाला फोन केलात तर तिकडे साडेआठ, जेवलीस का विचारताना हीटरचा पाइप तपासला का हेही विचारा.