वचन ऐकल्यानंतर काय करावे: ठाणे आणि नवी मुंबईतील ख्रिस्ती भगिनींसाठी

रविवारच्या उपासनेत ऐकलेला संदेश मंगळवारपर्यंत आठवत नाही, अशी तक्रार भगिनींच्या सभेत नेहमी ऐकू येते आणि तिचे खापर बहुतेक वेळा वेळेच्या अभावावर फोडले जाते. वेळ कमी असतो हे खरे आहे; परंतु बायबलच्या नव्या करारात याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात वचन, म्हणजे देवाचा शब्द, केवळ ऐकून तसे न वागणाऱ्याची तुलना आरशात तोंड पाहून लगेच आपला चेहरा विसरणाऱ्याशी केली आहे. म्हणजे ऐकण्यात आणि वागण्यात अंतर पडते तेव्हा वचन विसरते, आणि हे अंतर अधिक वाचून नव्हे, तर थोडे वाचून ते आचरल्याने कमी होते.

म्हणून आठवड्यासाठी एकच लहान उतारा निवडावा. रविवारच्या संदेशाचा उतारा असल्यास उत्तम, कारण त्याचे स्पष्टीकरण आधीच कानावर पडलेले असते. पहिल्या दिवशी तो ज्या अध्यायात आहे तो संपूर्ण अध्याय वाचावा. हे वचन कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितले, ते वहीत दोन ओळींत लिहावे आणि त्यानंतरच ते स्वतःला लागू करावे. ठाण्याहून ऐरोली, रबाळे किंवा वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलमधील वेळ एका अध्यायाला पुरतो. गर्दीत पुस्तक उघडणे शक्य नसेल, तर आदल्या रात्री वाचलेला भाग मनात घोळवावा.

संदर्भ पाहण्याचा आग्रह का, हे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29 व्या अध्यायावरून कळते. त्यातील अकरावे वचन, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत हे सांगणारे, आपल्या भिंतींवरच्या कॅलेंडरवर आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर सर्वांत जास्त दिसते आणि नोकरीच्या मुलाखतीपूर्वी हमीपत्रासारखे वाचले जाते. प्रत्यक्षात ते बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातील आहे, आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. त्याच पत्रात त्यांनी घरे बांधावी, बागा लावाव्या आणि ज्या नगरात त्यांना नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटावे व प्रार्थना करावी, अशी आज्ञाही आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची मुळे अहिल्यानगर, जालना किंवा सोलापूरकडे आहेत आणि घणसोलीत वा घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षे राहूनही “आपले गाव तिकडे” हीच भाषा तोंडी असते. अशा घरातील स्त्रीसाठी या अध्यायाचे आचरण सोसायटीच्या सभेला हजर राहणे, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे, शेजारच्या एकट्या आजींची विचारपूस करणे इतके साधे असू शकते.

संदर्भ समजल्यावर कृती ठरवावी, आणि ती लिहिताना व्यक्ती व वेळ यांचा उल्लेख असावा. “मी अधिक प्रेमळ होईन” असे लिहिल्यास शनिवारी तपासण्यासारखे काहीच हाती राहत नाही. ऐकण्यास तत्पर, बोलण्यास सावकाश आणि रागास मंद असावे, हे याकोबाचे सांगणे घेतले, तर “मुलाचे गुण कळल्यावर त्याचे म्हणणे पूर्ण ऐकेपर्यंत मी बोलणार नाही” असे लिहावे. लोकलच्या महिला डब्यात, तिघींच्या बाकावर चौथीने बसण्यावरून होणारी वादावादीही या वचनाच्या कक्षेबाहेर नाही. किंबहुना तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, म्हणूनच तिथली परीक्षा अधिक खरी.

पैशाच्या व्यवहाराकडे मात्र आपल्या बायबल अभ्यासात फार कमी लक्ष दिले जाते, असे माझे मत आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात गरजू मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे सांगितले आहे, कारण त्याचे सारे लक्ष तिच्याकडे लागलेले असते. आणि हा नियम स्वकीयाप्रमाणेच परक्यालाही लागू केला आहे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताई कोणत्या धर्माच्या आहेत, याचा इथे प्रश्नच येत नाही. त्यांचा पगार ठरलेल्या तारखेला द्यावा, “सुटे नाहीत” म्हणून तो चार दिवस लांबवू नये, आजारपणाच्या सुट्टीचे पैसे कापण्याआधी स्वतःच्या कार्यालयातील आजारपणाची रजा आठवावी, आणि आपण गावी गेलो म्हणून काम नसलेल्या दिवसांचे काय करायचे ते आधीच बोलून ठरवावे. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातील खऱ्या वजनमापांची आज्ञा याच नजरेने वाचली, तर कार्यालयात सादर केलेले रिक्षाचे वाढीव बिल तिच्यात बसते की नाही, हे पाळकांना विचारण्याची गरज पडणार नाही.

नीतिसूत्रे 31 मधील सद्गुणी स्त्रीचे वर्णन वाचून अनेक भगिनी खचतात. दहाव्या वचनापासूनचा हा भाग मूळ हिब्रूत वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचलेले स्तुतिगीत आहे. ते एका आयुष्याचे कौतुक आहे, एका दिवसाच्या कामांची यादी नव्हे. शिवाय तिच्या घरी दासी होत्या, हे पंधराव्या वचनातच आले आहे, आणि ते आपल्याला वाचून दाखवणारे बहुधा तेवढेच वगळतात. डबे, ऑफिस, शिकवणी आणि सासूबाईंचे औषधपाणी सांभाळणाऱ्या स्त्रीने त्यातून या आठवड्यापुरती एकच गोष्ट घ्यावी, उदाहरणार्थ गरिबांकडे हात पुढे करणे किंवा जिभेवर दयेचे शिक्षण असणे.

एका बाबतीत विशेष सावधगिरी हवी. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील वचन घरात होणारी मारहाण सोसण्यासाठी सांगितले जात असेल, तर ते अर्धवट सांगितले जात आहे. त्याच्या आधीचे वचन परस्परांच्या अधीन होण्यास सांगते, आणि पुढे पतीला ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायावर, केली तशी, स्वतःला अर्पण करणारी प्रीती करण्याची आज्ञा आहे. ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात अबीगईलने आपला पती नाबाल याला न सांगता, त्याच्यावर रागाने चालून येणाऱ्या दावीदाची भेट घेतली, रक्तपात टाळला आणि दावीदाने तिच्या समंजसपणाबद्दल देवाचा धन्यवाद केला. हिंसा होत असल्यास प्रार्थनेसोबत विश्वासू व्यक्तीला सांगावे, 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा तातडीच्या वेळी 112 वर फोन करावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण आणि त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. तो मागितल्याने विश्वास उणा होत नाही.

ठरवलेली कृती एका भगिनीला आठवड्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावी. मंडळीत सर्वांसमोर साक्ष देण्यापेक्षा हे सोपे असते, शिवाय त्यात फुशारकीला वाव राहत नाही. मात्र दुसऱ्यांची गुपिते प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली पुढे जाणार नाहीत, एवढे पथ्य दोघींनी पाळावे. शनिवारी रात्री वही उघडून जे घडले ते लिहावे. कृती झाली नसेल, तर नवा उतारा घेण्याची घाई करू नये. तोच उतारा पुढच्या आठवड्यालाही ठेवावा आणि कृती आणखी लहान करावी, जसे की “रोज” ऐवजी “बुधवारी संध्याकाळी”.