केवळ हातकुऱ्हाडीने लाकडी धनुष्य घडवणे

एकाच लाकडातून धनुष्य घडवायचे म्हटले की करवत, रंधा, कानस आणि शिकंजा अशी हत्यारांची यादी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात एक चांगली धारदार हातकुऱ्हाड पुरेशी असते, कारण तिच्याकडून तीन वेगवेगळी कामे करून घेता येतात: पाचरीसारखा ओंडका फाडणे, तासून आकार काढणे आणि शेवटी पाते दोन्ही हातांत धरून खरवडणे. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतातील बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती आणि यू वृक्षाच्या लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे, अर्धवट राहिलेले धनुष्यही होते. त्या धनुष्यावर तासल्याच्या खुणा अजून दिसतात, त्यामुळे ते ज्या टप्प्यावर थांबले तो टप्पा आजही ओळखता येतो.

कामाला हात घालण्यापूर्वी धनुष्यात काय घडते ते समजून घ्यावे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच अवलंबून असतो. धनुष्य ओढले की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे त्याची पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे त्याचे पोट, दाबले जाते. पोटाकडचे लाकूड जास्त दाब आला तर हळूहळू खचते आणि तशी सूचना देते. पाठीवरचा तंतू मात्र तुटला की बहुतेक वेळा सगळे धनुष्यच तुटते. म्हणून पाठीवरील तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहिले पाहिजेत. सालीच्या अगदी खालचा पृष्ठभाग झाडाने स्वतःच अखंड घडवलेला असतो. कुऱ्हाडीने काम करणाऱ्याने तोच पृष्ठभाग पाठ म्हणून जसाच्या तसा ठेवावा आणि त्याला पात्याचा स्पर्शही होऊ देऊ नये.

याच कारणाने लाकडाची निवड सोपी होते. ज्या झाडांचे सालीलगतचे लाकूडही मजबूत आणि लवचीक असते, ती या पद्धतीला योग्य ठरतात: एल्म, ॲश, हिकरी, मेपल, तसेच लवचीकपणासाठी ओळखली जाणारी धामण. ओसेज ऑरेंजसारखे लाकूड धनुष्यासाठी उत्कृष्ट आहे, परंतु त्यात बाहेरचे फिकट लाकूड काढून आतील एकाच वार्षिक वलयावर पाठ उघडी करण्याची रीत आहे, आणि ते नाजूक काम पहिल्याच धनुष्यात कुऱ्हाडीने करायला जाऊ नये. झाडाच्या जातीपेक्षाही खोडाचा सरळपणा मी अधिक महत्त्वाचा मानतो. सुमारे १० ते १५ सेंटीमीटर व्यासाचे, निदान १८५ सेंटीमीटरपर्यंत फांद्या नसलेले आणि पीळ नसलेले खोड शोधावे. सालीवरच्या भेगा खोडाभोवती तिरप्या चढत असतील तर आतले लाकूडही बहुधा पिळलेले असते. असे खोड सोडून द्यावे. तोडण्यापूर्वी जमिनीच्या मालकाची आणि नियमानुसार लागेल ती परवानगी घ्यावी.

कुऱ्हाडीच्या पात्याचे वजन ५०० ते ७०० ग्रॅम असले तर एका हाताने दीर्घकाळ तासता येते. धार अशी हवी की हाताच्या दाबाने लाकडाची पातळ ढलपी निघावी. धार लावण्याचा दगड मी वेगळे हत्यार मानत नाही, कारण त्याच्याशिवाय कुऱ्हाड ही केवळ हातोडी आहे. बोथट पाते लाकडावरून घसरते आणि घसरलेले पाते पायाकडे येते. पाय कापले जाण्याचे अपघात बहुधा असेच होतात.

ओंडका फाडण्यासाठी आधी कठीण, वाळलेल्या फांदीच्या चार-पाच पाचरी तासून घ्याव्यात. त्या २० ते २५ सेंटीमीटर लांब आणि बेताच्या उताराच्या असाव्यात. त्याच फांदीच्या जाड भागाची मोगरी होते. ओंडक्याच्या टोकाला, बरोबर मध्यातून, पाते टेकवून कुऱ्हाडीच्या माथ्यावर लाकडी मोगरीने ठोकावे. लोखंडाने कधीही ठोकू नये. भेग उघडली की तिच्यात पाचर बसवावी, कुऱ्हाड मोकळी करावी आणि भेग जसजशी पुढे सरकेल तसतशा पाचरी बाजूने घालत जावे. दोन्ही फाकांना जोडून राहिलेले आडवे धागे पात्याने कापावेत, ओढून फाडू नयेत. भेग मध्य सोडून एका बाजूला पळू लागली, तर जी फाक जाड होत आहे ती अधिक वाकवावी, कारण जी बाजू अधिक वाकते तिच्याकडे भेग वळते. फाडल्याने मिळणारा मोठा लाभ असा की भेग तंतूंच्या मार्गानेच जाते आणि लाकडाची खरी रेषा डोळ्यांना दिसते, जी करवतीने कापलेल्या फळीत सहज दिसत नाही.

आता फाकेची दोन्ही टोके रंग, गोंद किंवा वितळवलेले मेण लावून बंद करावीत, अन्यथा ओलावा टोकांतून वेगाने जातो आणि लांब भेगा पडतात. झाडाच्या वाढीच्या हंगामात साल बोटांनी सोलून निघते आणि खाली गुळगुळीत पाठ मिळते. इतर वेळी ती घट्ट चिकटलेली असते आणि पुढे सावकाश खरवडून काढावी लागते. साल काढली असेल तर पाठीवरही लेप द्यावा.

ओल्या लाकडावर ढोबळ आकार काढून घेणे शहाणपणाचे असते, कारण ओले लाकूड सहज तासले जाते आणि बारीक झालेली फाक पूर्ण ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर वाळते. ७० सेंटीमीटरच्या ओढीसाठी, म्हणजे दोरी तेवढे अंतर मागे ओढायची असेल तर, धनुष्याची लांबी सुमारे १७० सेंटीमीटर ठेवावी. कोळशाने पाठीवर मध्यरेषा काढताना पट्टी लावून सरळ रेघ मारू नये. तंतू जिथे किंचित वळतात तिथे रेघेनेही वळावे. मधोमध १० सेंटीमीटरची मूठ आखावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना ५-५ सेंटीमीटरचा उतार ठेवावा. तेथून प्रत्येक भुजा, म्हणजे मुठीच्या एका बाजूचा वाकणारा भाग, अर्ध्या लांबीपर्यंत ५ सेंटीमीटर रुंद राहील आणि पुढे टोकाशी २ सेंटीमीटरपर्यंत निमुळती होईल. मूठ पाठीपासून पोटापर्यंत ४ सेंटीमीटर जाड, तर भुजा सध्या अडीच सेंटीमीटर जाड ठेवाव्यात.

तासण्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा घ्यावा आणि त्याच्यासमोर शक्य तर गुडघ्यांवर बसावे. फाकेचे एक टोक ठोकळ्यावर उभे टेकवून वरचा भाग दुसऱ्या हाताने धरावा. तो हात नेहमी पाते जिथे पडते त्याच्या बराच वर असला पाहिजे, आणि म्हणून एका वेळी फक्त खालची भुजा तासावी, मग फाक उलटी करून दुसरी. आधी दर ३ ते ४ सेंटीमीटरवर तिरपे, उथळ घाव घालून खाचा पाडाव्यात आणि नंतर वरून खाली येणाऱ्या घावांनी त्या खाचांमधले लाकूड उडवावे. खाचा असल्या की ढलपी पुढच्या खाचेपर्यंतच जाते. खाचा नसतील तर एकच फट भुजेच्या आत घुसून सगळे श्रम वाया घालवू शकते. घावाची दिशा नेहमी मुठीकडून टोकाकडे, म्हणजे जाड भागाकडून बारीक भागाकडे असावी, कारण तशी ढलपी बाहेर निसटते. गाठ आली की तंतू तिच्याभोवती खाली-वर जातात. तेथे दोन्ही बाजूंनी हलके घाव घालावेत आणि गाठीभोवती थोडे जास्त लाकूड सोडावे.

ढोबळ आकार झाला की ते लाकूड सरळ ओंडक्याला किंवा फळीला दोरीने घट्ट बांधून सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे. येथे घाई करणारे सर्वाधिक धनुष्ये बिघडवतात. ओले लाकूड तुटत नाही, पण ते वाकले की वाकलेलेच राहते आणि ती शक्ती परत येत नाही. वाळण्यास हवामानानुसार काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा वजन करावे: दर आठवड्याला तोलले असता वजन घटणे पूर्ण थांबले की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले असे समजावे. साधारण ८ ते १० टक्के ओलावा धनुष्याला उत्तम. त्याहून फार कोरडे लाकूड ठिसूळ होते, त्यामुळे ते उन्हात किंवा चुलीजवळ तापवू नये.

यानंतर कुऱ्हाड चालवण्याची रीत बदलते. भुजेचा कडकपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो आणि जाडी फक्त १० टक्क्यांनी कमी झाली तरी सुमारे २७ टक्के कडकपणा जातो. दीड सेंटीमीटर जाडीच्या भुजेत १० टक्के म्हणजे दीड मिलिमीटर, आणि तो कुऱ्हाडीच्या एका निष्काळजी घावात जातो. म्हणून पोटाकडून हलके घाव घालत जाडी मुठीलगत सुमारे १.८ आणि टोकाशी सुमारे १.४ सेंटीमीटरवर आली की घाव घालणे थांबवावे. दांडा बाजूला राहील अशा रीतीने पाते दोन्ही हातांत, धार लाकडाशी जवळजवळ काटकोनात धरावी आणि स्वतःकडे ओढत खरवडावे. कागदासारखे पातळ पापुद्रे निघू लागले की पद्धत बरोबर आहे. याच वेळी पाठीच्या दोन्ही कडा खरवडून गोल कराव्यात. धारदार कडेवरचा तंतू सर्वांत आधी उचकटतो.

आता धनुष्याला वाकायला शिकवायचे असते, आणि माझ्या मते खरे धनुष्यकाम येथूनच सुरू होते. एक टोक जमिनीवर टेकवून, मूठ धरून, पोट आपल्याकडे ठेवून हळूच दाबावे आणि भुजा कोठे वाकते, कोठे ताठ राहते ते पाहावे. दोन्ही भुजा सारख्या वाकू लागल्या की टोकांपासून २ सेंटीमीटरवर पात्याच्या कोपऱ्याने फक्त बाजूंना तिरप्या, ४ ते ५ मिलिमीटर खोल खाचा कापाव्यात. त्या पाठीवर ओढत नेऊ नयेत. मग न वाकवलेल्या धनुष्यावर बसेल एवढी लांब दोरी लावून मूठ झाडाच्या बेचक्यात अडकवावी, दोरी खाली ओढावी आणि चार पावले मागे जाऊन वाक पाहावा. एकट्याने काम करत असाल तर दोरीला पाण्याचे भांडे टांगावे. १५ लिटर पाण्याचे वजन १५ किलो असते, त्यामुळे भांड्याच्या वजनासह ओढीचे मापही कळते. पहिल्या धनुष्यासाठी १५ ते १८ किलो ओढ, म्हणजे पूर्ण ओढताना लागणारे वजन, पुरे.

नियम दोन आहेत आणि ते मोडू नयेत. वाक असमान दिसला तर त्यापुढे ओढू नये; आणि ठरवलेल्या ओढीपेक्षा जास्त वजन कधीही लावू नये. एखादी जागा इतरांपेक्षा जास्त, बिजागरीसारखी वाकत असेल तर तिला हात लावू नये, तिच्या दोन्ही बाजूंचे ताठ लाकूड खरवडावे. प्रत्येक खरवडीनंतर धनुष्य अर्ध्या ओढीने वीस-तीस वेळा वाकवावे, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही. मूठ आणि टोकांकडचे १५ सेंटीमीटर ताठ राहावेत आणि मधला भाग सलग कमानीत वाकावा. खालची भुजा किंचित ताठ ठेवण्याची रीत आहे, कारण बाण मुठीच्या वरून सुटतो.

टोके सुमारे १५ सेंटीमीटर सारखी मागे येऊ लागली की खाचांमधल्या अंतरापेक्षा ६ ते ८ सेंटीमीटर आखूड दोरी चढवता येते. अंबाडी, ताग किंवा जवसाच्या तंतूंचे दोन पेड उलटसुलट पिळून केलेली दोरी ओढीच्या निदान चौपट वजन पेलणारी असावी. चढवलेली दोरी आणि धनुष्याची मूठ यांत हाताची मूठ वळून अंगठा उभा केल्याइतके, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर अंतर असावे आणि दोरी मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे. ती एका बाजूला जात असेल तर भुजेची ताठ कड खरवडून ती मध्यावर आणावी. येथून ओढ दर वेळी फक्त २ ते ३ सेंटीमीटरने वाढवावी. दोरी उतरवल्यावर धनुष्य ३ ते ४ सेंटीमीटर वाकलेले राहिले तर ते चालते. त्याहून जास्त राहिले, किंवा पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या, तर तेथे लाकूड खचत आहे. ओढ तेवढ्यावरच थांबवावी आणि कमी ताकदीचे धनुष्य स्वीकारावे.

शेवटी पोट आणि पाठ गुळगुळीत गोट्याने दाबून घोटावी आणि चरबी किंवा जवसाचे तेल चोळावे. दोरी वापर संपताच उतरवावी आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, कारण बाणाकडे जाणारी सगळी ऊर्जा मग भुजांमध्येच शिरते. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी ओढण्यापूर्वी पाठीवरून बोट फिरवावे. एखादा तंतू नखाला लागला तर त्या जागी गोंद लावून दोऱ्याने घट्ट गुंडाळावे आणि तो सुकेपर्यंत धनुष्य ओढू नये.