कोकणातले खडे ओळखायचे, धुवायचे आणि टिकवायचे कसे

पुळणीवर सापडलेला हिरवागार, गुळगुळीत, अर्धपारदर्शक खडा बहुतेक वेळा बाटलीची काच निघतो. रेडीकडचा काळा चकचकीत दगड फरशीवर घासला की लाल उमटतो. कापसाच्या बोंडासारखं दिसणारं पांढरं काही दगडाच्या पोकळीत असेल तर तेही खनिजच असतं. या छंदातल्या निम्म्या चुका रंगावरून नाव ठेवल्यामुळे होतात. म्हणून क्रम ठरवून घ्यावा: आधी दगड कुठला ते, मग वजन, मग कठीणपणा, मग कस (फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ). रंग सगळ्यात शेवटी.

जागा सांगते निम्मं

मुंबई, रायगड आणि रत्नागिरीचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा, बेसाल्टचा आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी फिरलं आणि आत सिलिका, चुना आणि झिओलाइट (घडणीतच पाणी असलेली खनिजं) साचत गेले. मालाड आणि कुर्ल्याच्या जुन्या खाणींतले नमुने त्यामुळेच जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बेसाल्टच्या वर, सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभा. तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा असतो. त्यात स्फटिक शोधू नयेत, मिळणार नाहीत. बॉक्साइटचे वाटाण्याएवढे गोळे मात्र मिळतील.

सिंधुदुर्गात उतरलं की गोष्ट बदलते. तिथे बेसाल्टच्या खालचे, त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. कासार्ड्याची सिलिका वाळू, रेडीचं लोहखनिज, कणकवलीकडचं क्रोमाइट ही सगळी त्या जुन्या जगातली. मालवण-वेंगुर्ल्याच्या पुळणीवर पांढऱ्या गारगोट्या मिळतात त्यामागेही हेच कारण. तेव्हा पनवेलच्या खाणीतला खडा आणि वेंगुर्ल्याचा खडा दिसायला सारखे असले तरी एका डब्यात टाकू नका.

कधी जायचं

पावसाळ्यात समुद्र पुळणीची वाळू ओढून नेतो आणि खालची खडी उघडी पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत वाळू हळूहळू परत येते. म्हणून खड्यांसाठी सप्टेंबर अखेर ते दिवाळी हा काळ उत्तम. भर पावसाळ्यात समुद्राशी खेळू नये, आणि खाणीच्या कड्याखाली तर अजिबात उभं राहू नये. भिजलेला कडा सुटतो.

ओहोटीचा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि पाणीही सगळ्यात जास्त मागे सरतं. गावागणिक पाऊण-एक तासाचा फरक पडतो, तो तिथल्या कोळ्यांना विचारावा. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचावं, पाणी फिरलं की निघावं. पाठ समुद्राकडे करून वाकायचं नाही.

खाणीत मालकाची परवानगी घेतल्याशिवाय शिरू नका. किल्ल्याच्या दगडाला, अभयारण्यातल्या कशालाही हात नाही. सड्यावर हातोडा तर नकोच: उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ इथली कातळशिल्पं अशाच उघड्या जांभ्यावर कोरलेली आहेत, आणि एखाद्या नव्या ठिकाणी मातीखाली काय आहे ते वरून दिसत नाही. वाळूही पोत्याने उचलायची नाही, मूठभर पुरते.

काळी वाळू

रत्नागिरीत पांढरा समुद्र आणि काळा समुद्र एकाच गावात आहेत, त्यामुळे तुलना सोपी. काळेपणाचं मुख्य श्रेय इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहाच्या जड खनिजांना. बेसाल्ट झिजला, त्यातले जड कण नदीने खाडीत आणले आणि लाटांनी हलके कण उडवून जड मागे ठेवले.

घरी वेगळं करायचं तर दोन मुठी वाळू गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, कागदावर पसरून पूर्ण वाळवा. ओली वाळू चिकटते, चुंबक मग हलक्या कणांनाही ओढून आणतो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्याशिवाय वाळूला लावू नका, नाहीतर चिकटलेले कण काढता काढता दिवस जाईल. पिशवी उलटी केली की कण आपोआप खाली पडतात. साध्या फ्रिजच्या चुंबकावर जे उडी मारून येतं ते मॅग्नेटाइट. जुन्या हार्डडिस्कमधला जोरदार चुंबक लावल्यावर संथपणे येतं ते बहुतांश इल्मेनाइट. जे तिथेच राहतं ती गारगोटीची वाळू आणि शिंपल्यांचा चुरा.

चुंबक नसेल तर परात घ्या. सुपात तांदूळ पाखडतो तोच हात, फक्त वाऱ्याच्या जागी पाणी. परात थोडी तिरकी धरून गोल फिरवा, हलकी वाळू कडेवरून वाहू द्या. चूक एकच होते: घाई. परात तिरपी फार झाली की काळी वाळूही निसटते.

वजन: सगळ्यात प्रामाणिक परीक्षा

किंमत आणि उपयोग पाहता या परीक्षेला तोड नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, मात्र 0.1 ग्रॅम दाखवणारा असेल तर उत्तम.

आधी कोरड्या दगडाचं वजन घ्या. समजा 64 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. दगडाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका. आता काट्यावर दिसेल ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन, समजा 24 ग्रॅम. 64 भागिले 24 म्हणजे 2.67. ही सापेक्ष घनता, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड ते. गारगोटी (क्वार्ट्झ) 2.65 आणि कॅल्साइट (चुन्याचं खनिज) 2.71 एकमेकांजवळ आहेत, त्यांचा निकाल ओरखडा लावेल. झिओलाइट 2.1 ते 2.3 मध्ये, ॲपोफिलाइट 2.35 च्या आसपास, बाटलीची काच 2.5, बेसाल्ट 2.9 च्या आसपास, इल्मेनाइट 4.7, हेमाटाइट (लोहखनिज) आणि मॅग्नेटाइट 5 च्या वर.

कुठे चुकतं? दगड तळाला टेकला तर त्याचंच वजन काट्यावर येतं आणि उत्तर भलतंच कमी निघतं. अंगाला बुडबुडे चिकटले तरीही तसंच. बोटाने पुसून टाका. जांभ्यासारखा सच्छिद्र दगड आधी दोन-तीन तास पाण्यात ठेवला नाही तर छिद्रांतली हवा हिशेब बिघडवते. आणि पाच ग्रॅमचा खडा एक ग्रॅमच्या काट्यावर मोजू नये, ते उत्तर अंदाजाच्याही पलीकडचं असतं.

ओरखडा आणि कस

कठीणपणा एक ते दहाच्या मोजपट्टीवर (मोह्स मापन) सांगतात: नखाची कठिनता साधारण 2.5, तांब्याच्या तारेची 3, काचेची आणि सुरीच्या पात्याची 5.5. एवढ्यावर बरंच काम होतं. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी (7), नाही उठला आणि तांब्याची तार खनिजावर ओरखडा उठवू शकली तर कॅल्साइट (3). झिओलाइट मधल्या पायरीवर बसतात: स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट 3.5 ते 4, स्कोलेसाइट 5 च्या वर.

ओरखडा समजून फसायला होतं ते भुकटीने. मऊ वस्तू कठीण वस्तूवर घासली की तिचीच भुकटी रेघेसारखी उमटते. ओल्या अंगठ्याने पुसा, रेघ गेली तर तो ओरखडा नव्हता. कुजलेल्या, मातकट पृष्ठभागावर परीक्षा घेऊ नका. खनिज ताजं तुटलेल्या जागी, तेही नमुन्याच्या मागच्या बाजूला तपासा; समोरचा स्फटिक कायमचा खराब करायला नको.

सोनार कसोटीवर सोनं घासतो तेच खनिजांसाठी. फरशीची मागची बिनचकाकीची बाजू घ्या आणि खनिज घासा. हेमाटाइट बाहेरून कितीही काळा असो, कस गेरूसारखा लाल. मॅग्नेटाइटचा काळा, गोथाइटचा पिवळसर तपकिरी. गारगोटी मात्र फरशीपेक्षा कठीण असल्याने कस देत नाही, उलट फरशीचीच पांढरी भुकटी निघते आणि नवखे तिला गारगोटीचा कस समजतात.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कॅल्साइटच्या भुकटीवर टाकला की बारीक फेस येतो. अखंड स्फटिकावर तो इतका मंद असतो की दिसत नाही, म्हणून आधी थोडी भुकटी करावी. कोकमाचं आगळ वापरू नये, डाग पडतो आणि फेस दिसत नाही.

गारगोटीची एक गंमत सांगून ठेवतो, मुलांसाठी. दोन पांढऱ्या गारगोट्या अंधाऱ्या खोलीत जोराने एकमेकींवर घासा. आतून पिवळसर उजेड चमकतो आणि जळका वास येतो. पाण्यात बुडवून घासल्या तरी उजेड दिसतो.

पोकळीत काय आहे

बेसाल्टच्या पोकळीतले नमुने आकारावरून पटकन ओळखू येतात. भाताची पेंढी मधोमध बांधल्यावर दोन्हीकडे फुलते, हुबेहूब तसा स्टिल्बाइट: पांढरा ते पीच रंगाचा, मोत्यासारखा चकाकणारा. केरसुणीसारख्या एका बिंदूतून पसरलेल्या सुया स्कोलेसाइटच्या. चौकोनी, उभ्या रेषांचा, वरच्या सपाट टोकाला मोत्याची चमक असलेला स्फटिक ॲपोफिलाइट. सहा बाजूंचा, आडव्या रेषांचा असेल तर गारगोटीचा स्फटिक. फिकट हिरवी, द्राक्षांच्या घडासारखी प्रेहनाइट. आणि तो कापसाचा गोळा म्हणजे ओकेनाइट. त्याला बोट लावायचा मोह आवरा, तंतू एकदा दबले की पुन्हा उठत नाहीत.

धुणं

समुद्रकाठचा दगड आधी गोड्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. तसाच वाळवला तर भेगांतलं मीठ स्फटिक धरतं आणि दगडाचा पापुद्रा उडतो. खाणीतल्या नमुन्याची माती मऊ ब्रशने आणि नारळाच्या हिराने काढावी. लोखंडी खिळा झिओलाइटवर रेघ मारतो. गरम पाणी, उन्हात कडक वाळवणं, चुलीजवळ ठेवणं सगळं टाळा, कारण झिओलाइटच्या घडणीतच पाणी असतं. ओकेनाइट धुवूच नये, फुंकणीने धूळ उडवावी.

हायड्रोक्लोरिक आम्ल सगळं स्वच्छ करतं असा समज आहे. ते कॅल्साइट खाऊन टाकतं आणि स्कोलेसाइटवर गिलगिलीत थर आणतं. गारगोटीवरचा लोखंडी तांबूस डाग काढायचा असेल तर ऑक्झॅलिक आम्ल: प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम, तीन-चार दिवस. पाण्यात आम्ल घाला, आम्लावर पाणी ओतू नका. ते विषारी आहे. हातमोजे घाला, झाकण ठेवा, स्वयंपाकघरापासून दूर. पाणी पागोळीचं साठवलेलं घ्यावं. विहिरीच्या चुनखडीयुक्त पाण्यात पांढरा थर बसतो आणि तो मग हटत नाही. नंतर दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात, आणि उरलेलं आम्ल खाण्याचा सोडा घालून शांत केल्यावरच फेकायचं.

ठेवणं

कापूस नको, सुया त्यात गुंततात. अंड्यांचा ट्रे आणि टिश्यू पेपर बरा. जांभळा अमेथिस्ट उन्हाच्या खिडकीत फिका पडतो. एका झिओलाइटला मात्र कोरडेपणा अजिबात सोसत नाही: लॉमॉन्टाइट. ओल्या कातळातून काढला तेव्हा घट्ट असतो, एसीच्या कोरड्या खोलीत ठेवला की आतलं पाणी जाऊन खडूसारखा भुरभुरतो. त्याच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली तर महिन्याभरात पांढरं पीठ हाती येतं. त्याला बंद डब्यात, ओलसर स्पंजाच्या तुकड्याशेजारी ठेवावं.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. भडक निळा किंवा गुलाबी अकीक रंगवलेला असतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा बोळा भेगेवरून फिरवा, रंग निघाला तर समजा. ओकेनाइटचे गुलाबी-हिरवे गोळेही रंगवून विकतात. दुसरं, स्फटिक डिंकाने चिकटवलेला असू शकतो. अतिनील टॉर्चखाली डिंक बऱ्याचदा निळसर पांढरा चमकतो.

प्रत्येक नमुन्याच्या मागे पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईने आकडा लिहा आणि वहीत गाव, पुळण किंवा खाण, खाडीची बाजू, तारीख आणि दगड सुटा होता की कातळात होता ते नोंदवा. चिठ्ठी डब्यात नुसती टाकू नका, कोकणच्या दमटपणात एका पावसाळ्यात तिला बुरशी येते.